पिल्लू मिळणेबाबत

छाननीसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि बत्तीस वर्षांत ज्यांचे ज्यांचे अर्ज त्यांनी परत पाठवले होते त्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अर्जातली त्रुटी हुडकणं हेच त्यांचं काम. समासात गेलेली सही, राहिलेली तारीख, फोटोत न दिसणारा उजवा कान, काही म्हणता काही सुटत नसे. एकदा तर त्यांनी स्वतःचाच रजेचा अर्ज त्रुटी काढून स्वतःकडे परत पाठवला होता. त्या वर्षी रजा मिळाली नाही, पण मान ताठ राहिली.

मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि घर गप्प झालं. एक दिवस बायको बाजारातून आली, पिशवी हातातच ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, एखादं कुत्र्याचं पिल्लू आणू या. कुलूप उघडलं की कुणीतरी धावत यावं, एवढंच वाटतं हो मला."

साहेबांना भरून आलं. भरून आलं की ते कार्यालयीन बोलत. "आणू," ते म्हणाले, "पण रीतसर."

रीतसर म्हणजे मोबाइलवर. पहिल्या तीन जाहिराती त्यांनी शुद्धलेखनावरच फेटाळल्या. चौथी 'निराधार श्वान पुनर्वसन मंडळ' यांची होती. तपकिरी पिल्लू, विनामूल्य, अर्ज फक्त अकरा पानी. साहेबांनी तो दोन दिवस भरला, आणि तिसऱ्या दिवशी तो परत आला. शेरा होता: 'दिवाणखान्याचे क्षेत्रफळ नमूद नाही. त्रुटीपूर्ततेस्तव परत.'

"अगं, ऐकलंस का? माझा अर्ज परत आला!" साहेबांचा आवाज आनंदाने कापत होता. "लबाड माणूस हो म्हणायला टपलेला असतो. ही माणसं नाही म्हणतायत!"

मग टेपचं एक टोक बायकोने धरलं, दुसरं साहेबांनी, आणि दिवाणखाना सोफ्यामागच्या जागेसह मोजला गेला. पुढे त्रुटीपूर्तता शुल्क आलं. ते भरल्यावर वातानुकूलित पिंजऱ्याची अनामत आली, मग लसीकरण, मग प्रवासात पिल्लू उदास झाल्यास लागू होणारा विरह विमा. प्रत्येक रकमेची पावती येई आणि पावतीवर गोल शिक्का असे. गोल शिक्का दिसला की साहेब विरघळायचे, त्याला आमचाही इलाज नाही.

"एकदा व्हिडिओवर तरी दाखवा म्हणावं ते पिल्लू," बायको म्हणाली.

साहेबांनी रीतसर विनंती केली. उत्तर आलं: 'पिल्लाच्या खासगीपणाचा विचार करता मंजुरीपूर्व दर्शन अनुज्ञेय नाही.'

"बघ! मोठ्या साहेबाचा फोन आला तरी ही माणसं दाखवायची नाहीत."

बायको गप्प बसणारी नव्हती. तिने तोच फोटो मोबाइलवर शोधला. तेच पिल्लू आणखी सहा ठिकाणी, सहा नावांनी विक्रीला होतं. एका ठिकाणी ते मागच्या महिन्यातच कुणाच्या तरी घरी सुखाने गेलं होतं.

"नमुना फोटो असतो तो," साहेब शांतपणे म्हणाले. "आम्हीही भिंतीवर भरलेला नमुना अर्ज लावायचो. त्यावरचा माणूस खरा आहे का, असं बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही."

बायकोने कपाळावर हात मारला.

शेवटची अट लाभार्थ्याच्या अभिप्रायाची होती. तो आल्याशिवाय पिल्लू निघणार नव्हतं. साहेबांनी तीन कच्चे मसुदे केले आणि चौथा पाठवला: 'छाननीच्या बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून प्रमाणित करतो की सदर मंडळात एकही त्रुटी आढळली नाही. पिल्लू सुस्थितीत मिळाले.' खाली नाव, हुद्दा, फोन नंबर.

"मिळालं कुठे?" बायकोने विचारलं.

"रकान्यात तसंच लिहायचंय."

त्यानंतर मंडळाचा फोन लागेनासा झाला. साहेब रोज सकाळी दाढी करून फाटकाशी उभे राहत. पंधरा दिवसांनी बायकोच पदराखाली काहीतरी धरून आली. मागच्या गल्लीतल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे कुत्री व्याली होती. बायको त्या कुत्रीजवळ बसली, चारही पिल्लं मांडीवर घेऊन पाहिली, आणि डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "दिवसभर घरी असता ना?"

"अर्ज?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"पावती? शिक्का?"

"अहो, पिल्लू आहे ते!"

पिल्लाने साहेबांच्या पायजम्याची नाडी तोंडात धरून ओढली. साहेब ती सोडवायला खाली बसले. सगळं उमगलं होतं, पण तोंडातून शब्द एवढेच आले, "ते जुनं प्रकरण बंद करू." बायकोनेही जास्त ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. स्पीकरवर एक बाई बोलत होती. "काका, तुमचा अभिप्राय वाचला. बाबा गेल्यापासून आई एकटी असते, तिच्यासाठी घेतेय पिल्लू. आता विम्याचे मागतायत. भरण्याआधी म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमचं पिल्लू खरंच आलं ना हो?"

साहेबांना 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. बत्तीस वर्षं दिवसाला चाळीस वेळा म्हटलेला शब्द. त्यांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे..."

तेवढ्यात पायाशी पिल्लू भुंकलं.

"अय्या, आवाज आला!" बाई हसली. "मिटली शंका. लगेच भरते. थँक्यू हं, काका!" आणि फोन बंद झाला.

"अहो, लावा ना परत!" बायको ओरडली. "फसलो म्हणा, सुटली बिचारी! नाहीतर द्या इकडे, मी सांगते."

साहेबांनी फोन मुठीत घट्ट आवळला. "सांगणारच आहे गं. आधी मसुदा करतो. हे असं एकदम कसं सांगायचं?"

त्यांनी कागद ओढला, वर 'विषय' लिहिलं आणि त्यापुढे पेन अडलं. ते अजून अडलेलंच आहे. आम्ही हे हसत हसत सांगतोय खरं, पण गेल्या वर्षी मोबाइलवर फसून आमचे पैसे गेले ते आम्हीही अजून घरी बोललेलो नाही. तुमचं सांगून झालं का?