सतरा पळांच्या फेऱ्याची हकीकत

श्री कुलस्वामिनीचे स्मरण करून आणि वायुपुत्रास दंडवत घालून लेखणी धरितो. स्वामींनी पुसिले जे, सतरा पळांचा फेरा तो कैसा जाहला आणि त्याचा अर्थ किती धरावा. त्यास जैसे देखिले, ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, आणि चिमूटभर घातले असल्यास थोर मनाने पचवावे.

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिकमासी कोण्या एका राज्यी विसाजीपंत कारखानदार यांणी वेगवान मोटार सिद्ध केली, पोटी सहाशे घोड्यांचे बळ, आणि राज्याचे डोंगरी एकोणऐंशी वळणांची चक्रवाट आहे तिजवर फेरा करविला. बयाजी सारथी सुकाणू धरिता जाहला आणि सतरा पळांत, म्हणजे हल्लीची सात मिनिटे भरली न भरली तों, परत आला. मग नगारे वाजले, आणि शेजारील राज्याचा फेरा अठरा पळांचा होता त्यांचे नाक खाली जाहले, आणि चव्हाट्यावर फलक लागले, आणि ज्यांस भाजीबाजारापलीकडे जाणे नाही तेही सतरा मोठे की अठरा मोठे ऐसा वाद घालोन सख्ख्या व्याह्यांशी अबोला धरिते जाहले.

त्या समयी राजश्री हैबतराव दळवी म्हणोन साठी उलटलेले सरदार होते, जिभेने फटकळ, मनाने लोणी. त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब, यांची दृष्टी विझत चालली होती. वैद्यांनी नाडी पाहोन, डोळे पाहोन सांगितले जे, पाडव्यापर्यंत उजेड राहील, पुढे भरवसा नाही. मग बाईसाहेब बोलिल्या, "मला एकदा त्या चक्रवाटेनं घेऊन चला. एकाहत्तराव्या वळणावरून माझं माहेर दिसतं म्हणतात. तुमच्या शेजारी बसून बघायचंय, दुसरं काही नको." हे मागणे चाळीस वर्षांचे होते, आणि चाळीस वर्षे सरदार "पुढल्या साली" म्हणत आले होते, कधी मोहीम, कधी वाटणी, कधी नुसता आळस. आता सरदारांनी, उशीर जाहला तो उत्तम वस्तूने भरोन काढावा म्हणोन कारखान्यास पत्र धाडिले जे, ज्या मोटारीने सतरा पळे केली तीच पाठवावी, जशीच्या तशी. एक खिळा इकडचा तिकडे जाहल्यास स्वीकार होणार नाही. मर्द माणसास प्रेम करावयाचे सुचले की तो ऐसा हुकूमच सोडितो, त्यास इलाज नाही.

पौषमासी, संक्रांतीचे दुसरे दिवशी, मोटार दारी आली. नारळ वाढविला, चाकांखाली लिंबे ठेविली, आणि बाईसाहेब ठेवणीतले हिरवे लुगडे नेसोन, सरदारांचा हात धरोन आल्या आणि दार उघडोन आत चाचपित्या जाहल्या, आणि मग हळूच बोलिल्या, "अहो, मी कुठं बसू?"

पाहतात तों आत बैठक एकच! विसाजीपंत जातीने आले होते, ते हात जोडोन म्हणाले, "आज्ञेबरहुकूम जशीच्या तशी आहे, सरकार. फेऱ्यास वजन नको म्हणून दुसरी बैठक काढली होती. नवी समुद्रापलीकडून येते, चार महिने लागतील." चार महिन्यांत पाडवा उलटोन जातो. सरदार मटकन पायरीवर बसले आणि चारचौघांदेखत त्यांचे डोळे भरोन आले. म्हणाले, "चाळीस वर्षं हिला थांबवलं, आणि आणली ती एकट्यानं बसायची गाडी." मग बयाजीकडे वळोन पुसिले, "खरं सांग. तो सतरा पळांचा आकडा खोटा का रे?"

बयाजी म्हणाला, "खोटा न्हाई सरकार, पर तो तुमचा न्हवं. दोन महिनं मी त्याच वाटंनं घिरट्या घातल्या, वळणं पाठ केली. चाकांना रबर असं मऊ लावलं व्हतं की दोन फेऱ्यांत झिजून गेलं. पहाटेचा गारवा, वाटंवर चिटपाखरू न्हाई. तवा कुठं एकडाव जमलं. दुसऱ्या डावाला मलाबी जमलं नसतं. पर एक हाय, त्या फेऱ्यापायी हिचे ब्रेक असे झालेत, की म्हस आडवी आली तरी बाईसाहेबांच्या वाटीतलं पाणी हिंदकळायचं न्हाई." हे ऐकोन विसाजीपंत आभाळाकडे पाहते जाहले.

मग बयाजीने माजघरातला जेवावयाचा पाट मागितला, आणि रिकाम्या जागी खिळे न ठोकिता पट्ट्यांनी करकचोन बांधिला, आणि वर गोधडीची चौघडी घातली. बाईसाहेब हसोन म्हणाल्या, "पाटावर बसवूनच आणलंत मला, पाटावरच बसवून नेताय." मग सरदारांनी सुकाणू धरिले आणि सहाशे घोडे ऐसे निघाले जैसी लग्नघरची बैलगाडी. प्रत्येक वळणी थांबत, "ही पळसाची रांग, हा ओढा, ती मेंढरं" ऐसे दाखवीत गेले. एकाहत्तरावे वळणी एक म्हैस खरीच आडवी आली, आणि मोटार जागीच उभी राहिली, आणि बाईसाहेबांनी खाली पाहिले, आणि कौले दिसली, आणि चिंच दिसली. "चिंच आहे हो अजून," इतकेच म्हणाल्या, आणि सरदारांनी पुढे जाण्याची घाई केली नाही. फेरा पुरा जाहला तों वाटेचे तोंडी उभ्या बयाजीचे घड्याळी दोन घटका आणि आठ पळे, म्हणजे हल्लीची एकावन्न मिनिटे, जाहली होती, आणि पाठीमागे राज्यातील अवघे दूधवाले कर्णे वाजवीत उभे होते.

पुढे पाडव्यास वैद्यांचा शब्द खरा जाहला. नवी बैठक वैशाखात आली, ती सरदारांनी खोक्यासकट परत केली. पाट आहे तेथेच आहे. हल्ली तिसरे प्रहरी चहा जाहला की बाईसाहेब म्हणतात, "चला, फेरा सांगा." आणि सरदार पहिल्या वळणापासोन सांगू लागतात, आणि घाई करोन एखादे वळण गाळिले तर बाईसाहेब मागे नेतात.

तात्पर्य, सतरा पळांचा फेरा जाहला हे सत्य, तो बयाजीचा. हैबतरावांचा फेरा दोन घटका आठ पळांचा, तो रोज होतो आणि एक पळही कमी होत नाही. कळावे.