मेणबत्तीवाल्याची फाशी

लंडनमधल्या लॅम्बेथ वस्तीच्या कळकट नाट्यगृहात एनॉक थर्केल मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. एका पेनीच्या साप्ताहिकात त्याने रंगवलेला मेणबत्तीवाला आज प्रथमच रंगमंचावर येणार होता. भाडेकरूंना मारून त्यांच्या चरबीच्या मेणबत्त्या विकणारा तो नराधम शेवटी फासावर जातो. ते फाशीचं प्रकरण एनॉकने सात वेळा लिहून काढलं होतं. आयुष्यात त्याला जमलेली ती एकच गोष्ट.

मेणबत्तीवाला झालेला क्राउच आडदांड होता खरा, पण गर्दी पाहून त्याची जीभ अडखळली. "तु-तु-तुझी च-च..." यापुढे गाडी जाईना. खसखस पिकली. मालकीण क्विल्टरबाई विंगेतून खेकसली, "बोलता येत नसेल तर गा मेल्या."

पियानोवाल्याने सूर धरला. क्राउच गाऊ लागला, आणि गाताना मुळीच अडखळेना. पहिल्या खुनाला लोकांनी ठेका धरला, दुसऱ्याला ध्रुपद उचललं. एनॉक बाकावरून अर्धवट उठला.

फाशीची वेळ आली तर प्रेक्षक उभेच राहिले. "सोडा त्याला. अजून एक गाणं होऊ दे." क्विल्टरबाईने फास गुंडाळायला लावला.

एनॉकला राहवेना. तो थेट रंगमंचावर चढला. "अहो, माणसं उकळलीत यानं. याला लटकवायलाच हवं."

"गळा बघा की त्याचा," पुढच्या रांगेतली मासेवाली म्हणाली. "तुम्ही कोण एवढे न्यायाधीश?"

"मी लिहिलाय याला."

उत्तरादाखल नाकावर संत्र्याची साल बसली. क्राउचने गाता गाताच त्याची मानगूट धरली आणि त्याला चरबी उकळायच्या दृश्यासाठी मांडलेल्या गार पाण्याच्या कढईत कोंबून वर झाकण घातलं. टाळ्यांनी छप्पर हादरलं.

बाहेर काढल्यावर क्विल्टरबाईने त्याला टॉवेल दिला. "रोज येत जा. छान मरता तुम्ही. फाशी मात्र विसरा."

घरी बायकोने, हॅनाने, त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्याची एक ओळ तिने कधी वाचली नव्हती. "कुठे पडलात?"

"कढईत."

"नाटकाच्या? मग मला फुकट सोडतील का हो?"

दुसऱ्या संध्याकाळी झाकणाखालच्या अंधारात गारठून बसलेल्या एनॉकने कान दिला. सगळं नाट्यगृह मेणबत्तीवाल्यासाठी गात होतं. त्यात एकटी हॅना बेसूर होती, पण अगदी मनापासून गात होती.