अर्ध्या दिवसाची टेकडी

पुण्याच्या माणसापुढे मराठीत अडायचं नाही, असं तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या गुरुमूर्तीरावांनी ठरवूनच टाकलं होतं. मुलगी विनुता नोकरीसाठी पुण्यात होती. तिथल्याच बेहेऱ्यांच्या मुलाशी तिचं जमलं होतं. लग्न पक्कं करण्याआधी बेहेरे पती-पत्नी भेटायला येणार होते आणि पोंगलच्या सुट्टीत सगळ्यांनी गुरुमूर्तीरावांच्या गावी, कालव्याकाठच्या नारळीच्या बागेत राहायचं होतं.

फोनवर बेहेरे म्हणाले, "एकच विचारतो. मला टेकडी लागते. अर्धा दिवस टेकडी झाली की अंग कसं मोकळं होतं. तुमच्या गावी आहे का?"

हा शब्द गुरुमूर्तीरावांनी जन्मात ऐकला नव्हता.

"आहे की," ते म्हणाले. "अस्की, सगळी सोय करतो."

फोन ठेवल्यावर बायकोने, जयलक्ष्मीबाईंनी विचारलं, "टेकडी म्हणजे काय ओ?"

"टेकायचं म्हणून टेकडी. पाठ टेकायची." इतकं साधं मराठी बायकोला कळू नये, याचं त्यांना वाईट वाटलं.

पाहुणे गावी पोचले. संध्याकाळी कॉफी पिताना बेहेऱ्यांनी चौकशी सुरू केली. "उद्याच्या टेकडीला चढ फार आहे का?"

"फार नाही. डोक्याकडे थोडा. तुमाला पाहिजे तर वाढवतो."

"वाढवता?" बेहेऱ्यांनी कप खाली ठेवला. "आणि बूट कसले घालू?"

"बूट काढायचे ओ. बूट घालून कोणी करतं?"

बेहेऱ्यांच्या मनात आदर दाटून आला. इतकी वर्षं टेकड्या चढले, पण अनवाणी कधी नाही. देवस्थान असणार, असं ते बायकोला म्हणाले.

सकाळी ते टोपी, काठी आणि पाठीवरची पिशवी घेऊन तयार होते. बूट घातले होतेच, पायथ्याशी काढू म्हणून. दोघे बांधावरून निघाले. चारी बाजूंना पिकलेलं भात, वाटीतल्या ताकासारखं सपाट. बेहेरे मान वर करून करून थकले.

"टेकडी कुठाय?"

"ही काय."

नारळीखाली काथ्याच्या दोन खाटा होत्या. वर उशा आणि शेजारी शहाळी. एका खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवलेले होते.

बेहेऱ्यांनी टोपी काढली. मग शांतपणे म्हणाले, "गुरुमूर्तीराव, टेकडी म्हणजे लहान डोंगर."

"मलै?" गुरुमूर्तीराव म्हणाले. विनुताचं लग्न त्यांना कालव्यातून वाहत जाताना दिसलं. "आमच्याकडे मलै नाही ओ. कुठेच नाही."

बेहेऱ्यांनी काठी झाडाला टेकवली. बूट काढले. विटांवरच्या खाटेवर आडवे झाले आणि पाहता पाहता घोरू लागले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ते उठले. उशी केव्हाच खाली पडली होती. डाव्या गालावर काथ्याची वीण ठसठशीत उमटली होती.

"घरात बोलू नका," ते म्हणाले. "अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नाही. लग्न पक्कं समजा. आणि करायचं ते इथेच."

घरी पोचताच बेहेरेबाईंनी नवऱ्याचा गाल पाहिला. "अगं बाई, हे काय? घसरलात का?"

"जरासा," बेहेरे म्हणाले. "अवघड होती."

बाईंनी हळद लावता लावता गुरुमूर्तीरावांकडे वळून विचारलं, "तुम्हाला बरं काहीच लागलं नाही?"

"मला सवय आहे ओ," गुरुमूर्तीराव म्हणाले. त्या दिवशी त्या घरात बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.