खाटेवरचे गफूर ब्रदर

आमच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींना गफूर ब्रदर पहिल्यांदा दिसतात ते आडवे पडलेले.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत सहा खाटा आहेत. पाचांवर रबरी पुतळे आणि दाराजवळच्या सहाव्या खाटेवर ब्रदर. पांघरूण छातीपर्यंत, चष्मा उशाशी, डोळे मिटलेले. मुली येतात, वह्या काढतात आणि सर कधी येतील म्हणून दाराकडे बघत बसतात. पाच-सात मिनिटांनी खाटेवरून आवाज येतो, "पेशंट कधीचा पडून राह्यलाय. पाणी पाहिजे का, कोणी विचारलं?" दरवर्षी एखादी तरी किंचाळते. ज्यांची वाट बघायची ते सर हेच; आधी दवाखान्यात पुरुष नर्स होते, म्हणून सगळे ब्रदरच म्हणतात.

मी या कॉलेजची ग्रंथपाल. माझी खोली शेजारचीच, त्यामुळे पुस्तकांइतकेच ब्रदरही मला पाठ आहेत. पुतळ्यांवर त्यांचा राग. "पुतळा तक्रार न्हाई करत, ताई. मंग पोरींनी शिकायचं काय?" म्हणून तक्रारीचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. सोमवारी ते आष्टीचे बहिरे आजोबा. मंगळवारी अंकुशनगरच्या साखर कारखान्यातले पाय मोडलेले कामगार, "गाळप चालू हाय, मला सोडा" म्हणून खाटेवरून उतरू पाहणारे. बुधवारी सिस्टरवर बिलकुल भरवसा नसलेली सासू. ब्रदरचं वजन शंभर किलोच्या घरात. अंगाखालची चादर बदलायला चार मुली लागतात आणि ब्रदर मात्र कुशीवरून सांगत असतात, "जल्दी नको. बराबर करा."

एका सोमवारी प्राचार्यबाई दारात येऊन मीटिंगची आठवण करून देत होत्या. तीनदा हाका मारल्या. ब्रदरनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणून राह्यल्या, सिस्टर?" मीटिंग त्यांच्याशिवाय झाली.

वैशाली वडीगोद्रीची. हात सोन्याचे, पण परीक्षक समोर आला की तिची वाचा बसायची. एकदा नापास झाली होती. या खेपेला राहिली तर घरचे परत नेणार होते, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तिची परीक्षा होती त्याच्या आदल्या दिवशी नेमका तिच्या वाट्याच्या पुतळ्याचा हात निखळला. दुसरे पुतळे इतर मुलींना वाटून दिलेले. तेव्हा ब्रदर परीक्षकांना म्हणाले, "मी पडतो, साहेब." परीक्षक विद्यापीठाने धाडलेले, बाहेरगावचे, कडक इस्त्रीचे. त्यांनी नाइलाजाने मान हलवली. हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायला म्हणून मी खोलीतच होते.

"अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ कशी जपाल?" परीक्षकांनी विचारलं.

वैशाली गप्प. एक मिनिट गेलं. परीक्षक पेन टेबलावर आपटू लागले. मला वाटलं, ब्रदर आता खोकतील, डोळ्याने काही खुणावतील. पण ते खरोखरीच्या आजाऱ्यासारखे छताकडे बघत पडून राहिले.

मग वैशालीचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. पांघरूण आखूड पडून पाय उघडे राहिले होते. तिने पडदा ओढला, पाय झाकले, आणि खाली वाकून म्हणाली, "बाबा, गार वाटून राह्यलं का?"

"थोडं," ब्रदर म्हणाले.

"आता तुम्हाला कुशीवर घेते. मी धरलंय, भिऊ नका. दर दोन तासाला असं वळवावं लागतं, न्हाईतर पाठीला जखम होती." हात चालू होते आणि तोंडही. कुठल्या हाडापाशी कातडी आधी लाल होते, ओली चादर का ठेवायची नाही, सगळं ती त्या बाबांना समजावून सांगत होती. परीक्षकांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. त्यांनी पेन आपटायचं थांबवून लिहायला घेतलं.

"पोरगी चांगली हाय, साहेब," खाटेवरून आवाज आला.

"रुग्णाने मध्ये बोलू नये."

"बोलणारच. पुतळा थोडाच हाय मी."

वैशाली पास झाली. पुढे पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात लागली.

गेल्या मे महिन्यात, सुट्टी असताना, मी पुस्तकांची मोजदाद करत होते. ब्रदरही रोज यायचे. लग्न केलेलं नाही, घरी वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे सुट्टीत ते माझ्याकडे बसून पेपर वाचतात. दुपारी चारच्या सुमारास त्यांचा फोन वाजला.

"बोल, वैशाली," म्हणाले, आणि फोन कानाशी धरून ऐकत राहिले. पलीकडून रडण्याचा आवाज मला टेबलापलीकडेही ऐकू येत होता.

मग त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं? ... केस विंचरले तू? बराबर केलं. घरच्यांना जवळ बसू दिलं? बराबर. आता रूमवर जा, अंघोळ कर. अन् पोळी खा. नुसत्या चहावर राहू नको."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"सगळ्याच जणी करतात का फोन?" मी विचारलं.

"पहिला पेशंट गेला की करतात. दुसऱ्या वेळी न्हाई करत. तवर शिकलेल्या असतात."

"तुमचा पहिला पेशंट गेला, तेव्हा तुम्ही कोणाला सांगितलं?"

ते पेपरची घडी घालत राहिले. "तवा फोन कुठं होता, ताई. वॉर्डात बाकी सगळ्या सिस्टर, मी एकटाच ब्रदर. बाथरूममधी नळ सोडून उभा राह्यल्तो. मंग तोंड धुऊन ड्युटीवर आल्तो."

"नाव आठवतं त्यांचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसावं. "रुक्मिणबाई," ते म्हणाले. "तंबाखू मागायच्या. मी न्हाई दिली."

मी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं, आणि ते सांगत राहिले.