सरूताईंचा बिऱ्हाडकरू

माझ्याशी लग्न होऊन चंद्रा पहिल्यांदा बुऱ्हाणपूरला आली, त्या दिवशी सरूताई वरच्या मजल्यावरून खाली उतरल्या. नव्या नवरीच्या हातात त्यांनी नारळ ठेवला, हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या बायकांसमोर विचारलं, "शेवटचं जंताचं औषध कधी घेतलं होतंस गं?"

चंद्रा जळगावची. धीट म्हणून तिची माहेरी ख्याती. पण ती मान खाली घालून मुसमुसायला लागली. सरूताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. "रडतेय म्हणजे आठवत नाही," असा निकाल देऊन त्या वर निघून गेल्या आणि संध्याकाळी एक पुडी पाठवून दिली.

ही त्यांची ओळख करून घ्यायची पद्धत. माणसाचं गाव, गोत्र, पगार यात त्यांना रस नव्हता. त्या माणसाच्या आत कोण राहतं, एवढंच त्यांना हवं असायचं.

सरूताई म्हणजे सरस्वतीबाई. मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवायच्या. लग्न लहानपणी झालं आणि लहानपणीच संपलं. वडिलांनी धीर करून नागपूरला शिकायला पाठवलं म्हणून मास्तरीण झाल्या. मी मुलांच्या शाळेत मराठी शिकवायचो. आमच्या घराची वरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली तेव्हा माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "मी बिऱ्हाडकरू आहे. पण रक्त पिणार नाही, काळजी करू नका." आईला ही विनोदाची रीत ठाऊक नव्हती. ती बरेच दिवस त्यांना बिचकून असायची.

बिऱ्हाडकरू हा त्यांचा फार आवडता शब्द. माणसाच्या पोटात असले की ते जंत, त्यांना औषध द्यायचं. पण बैलाच्या कातड्यात, सुरवंटाच्या पोटात, केळीच्या मुळात दुसऱ्याच्या जिवावर जगणारं काहीही सापडलं की तो बिऱ्हाडकरू. तो बरणीत जायचा. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या नव्हेत, काचेच्या. त्या खिडकीत ओळीनं लावलेल्या असायच्या. चंद्रा कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना त्या खिडकीसमोरून डोळे मिटून जायची आणि दोनदा पायरी चुकून पडली होती.

"अहो, त्यांना सांगा ना काहीतरी," ती मला म्हणायची.

"काय सांगू?"

"काहीही सांगा. पण त्या बरण्यांना पडदा तरी लावा म्हणावं."

मी सांगितलं. सरूताई म्हणाल्या, "पडदा लावला तर त्यांना उजेड कसा मिळणार?" बरणीतले सगळे मेलेले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

आता मुख्य गोष्ट. ते दिवस प्रांतरचनेचे होते. बुऱ्हाणपूर मराठी मुलखात जाणार की हिंदी मुलखात राहणार, यावर चौकाचौकात चहा थंड होत होता. आमचे अण्णा वकील मराठीच्या बाजूचे पुढारी होते. एरवी पक्षकारांशी हिंदीत, बायकोशी खानदेशीत आणि न्यायाधीशांशी इंग्रजीत बोलणारे अण्णा त्या वर्षी फक्त शुद्ध मराठीत बोलायचे, त्यामुळे ते काय म्हणतात ते घरात कोणाला कळत नसे.

अशा वेळी एका सकाळी तापीच्या राजघाटावरचा गेंदा भोई मासे विकायचं सोडून आमच्या दारात आला. सरूताई आणि गेंदा यांची जुनी ओळख. शाकाहारी घरातली ही विधवा बाई रोज घाटावर जाऊन मासे उलटेपालटे करून बघायची, कल्ल्यांत बोट घालायची आणि एकही न घेता परत यायची, त्यामुळे पहिल्यांदा भोयांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. मग सवय झाली.

गेंदाच्या हातात पाण्यानं भरलेली बादली होती. तो मोठ्यानं म्हणाला, "बाईजी, देखो तो सही! इसकी जबान पर देवी बैठी है!"

बादलीत हातभर लांबीचा मासा होता. सरूताईंनी पदर खोचला, मासा धरला आणि अंगठ्यानं त्याचं तोंड उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि अजूनही कधीकधी वाटतं, की पाहायला नको होतं. माशाच्या तोंडात, जीभ असते तिथे, पांढराफटक, गुबगुबीत, पुष्कळ पायांचा एक किडा बसला होता. त्याला दोन काळे डोळे होते. मासा तोंड उघडत होता आणि आतून दुसरंच कोणीतरी आमच्याकडे बघत होतं.

"जीभ कुठाय याची?" मी विचारलं.

सरूताईंनी चिमट्यानं हळूच किडा उचलून खाली पाहिलं. "खाल्ली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण भीतीनं नव्हे. "रक्त पिऊन पिऊन सुकवली आणि त्या जागी स्वतः बसला. आणि मासा बघा कसा टुणटुणीत आहे. याच्यावरच घास दाबून जेवतोय! अहो, बिऱ्हाडकरू घराचं सामान होऊन बसलाय!"

गेंदानं हात जोडले. मी ओट्यावर जाऊन बसलो. चंद्रानं दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस सरूताई जमिनीवर नव्हत्या. घाटावरून तसले आणखी मासे आले. एक मासा वरच्या खोलीत पितळी घंगाळात जिवंत ठेवला होता. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्या त्याच्यासमोर बसून राहायच्या. मेलेले किडे टिकवायला स्पिरिट हवं होतं, ते दवाखान्यात संपलेलं. मग त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, "मास्तर, कलालीतून दारूची एक बाटली आणा. कडक बघून आणा. पाणी घातलेली किड्याला चालत नाही."

मी कलालीच्या पायऱ्या उतरत होतो आणि समोरून आमचे हेडमास्तर येत होते. माझ्या काखेत बाटली. मी म्हणालो, "सर, ही किड्यासाठी आहे." हेडमास्तरांनी सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

सरूताईंनी सगळ्या बरण्या शाळेत नेल्या, मुलींना किडा दाखवला आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. मुली घाबरल्या नाहीत, खूश झाल्या. घरी जाऊन प्रत्येकीनं आईबापांची, आजीआजोबांची तोंडं उघडून तपासायला सुरुवात केली. कापसाचे एक बडे व्यापारी शाळेच्या कमिटीसमोर रडकुंडीला येऊन म्हणाले, "सुबह आँख खुलती है तो बेटी मेरे मुँह में टॉर्च मार रही होती है. बोलती है, पिताजी, आ करो, जबान आपकी ही है ना?"

कमिटीनं ठराव केला की बरण्या शाळेतून हलवाव्यात आणि बाईंनी यापुढे फुलं आणि पक्षी एवढंच शिकवावं, नाहीतर राजीनामा द्यावा. सरूताई सगळ्या बरण्या टांग्यात घालून घरी घेऊन आल्या. जिन्यावर बसून म्हणाल्या, "फुलं शिकवीन हो. पण फुलात काय राहतं, ते विचारलं पोरींनी, तर खोटं कसं सांगू?"

दरम्यान किड्याची कीर्ती अण्णा वकिलांच्या कानी गेली. चौकातल्या सभेत अण्णांनी हात उंचावून गर्जना केली, "बंधूंनो, आपल्या तापीत एक किडा सापडला आहे! तो जीभ खातो आणि जिभेच्या जागी स्वतः बसतो! आपल्या मायबोलीचं हेच होणार आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात दुसऱ्या पक्षाची सभा झाली. त्यांच्या पुढाऱ्यानं तोच किडा उचलला, फक्त खाणारा कोण आणि खाल्ली कोणाची, एवढं बदललं. त्यालाही तेवढ्याच टाळ्या पडल्या. दोन्ही सभांत माणसं बरीचशी तीच होती.

या दुसऱ्या सभेत सरूताई उभ्या राहिल्या. बाईमाणूस सभेत उठलं म्हणून सगळे चूप झाले.

"माझ्या किड्याला यात ओढू नका," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "त्याला ना मराठी येते, ना हिंदी. त्याला भूक लागते. आणि तो ज्याची जीभ खातो तो मासा त्याच्यासकट पोहतो, त्याच्यासकट जेवतो. तुम्हा दोघांसारखा तो रोज चौकात येऊन बोंब मारत नाही."

गेंदा भोई एकटाच मागून ओरडला, "वा बाईजी!"

त्यांनी नागपूरच्या एका प्रोफेसरांना किड्याबद्दल कळवलं होतं, ते शेवटी गाडीनं आले. टक्कल पडलेले, काटकुळे गृहस्थ. हातात पत्र्याची पेटी. चंद्रानं त्यांच्यासाठी पोहे केले, चहा केला, तो निवला, पुन्हा केला, पुन्हा निवला. शेवटी ती वर बघायला गेली आणि तोंडाला पदर लावून हसत खाली आली. "दोघंही जमिनीवर पालथी पडून घंगाळात बघतायत. शाळेतली पोरं बरी."

जेवताना प्रोफेसर म्हणाले, "बाई, मी बरीच पुस्तकं चाळून आलोय. हा कोणी पाहिलेला नाही. नवी जात आहे. खात्रीनं नवी."

सरूताईंचा हातातला घास हातातच राहिला.

"फक्त एक सांगा," प्रोफेसरांनी पेन्सिल काढली. "कुठे सापडला ते लिहावं लागतं. प्रांत कुठला लिहू? छापून येईपर्यंत बदलायला नको."

"तापी लिहा," सरूताई म्हणाल्या. "तिची कुठे बदली होत नाही."

"आणि नाव? जातीला नाव द्यायचा मान तुमचा. मी तुमचंच सुचवणार होतो, पण शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं, असा संकेत आहे."

सरूताईंनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाल्या, "जेवण झाल्यावर सांगते." नंतर त्या त्यांना स्टेशनवर सोडायला गेल्या, तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

पुढे प्रांतांचा निकाल लागला. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, नागपूर पलीकडे गेलं. अण्णा वकील हळूहळू पुन्हा बायकोला कळेल असं बोलू लागले. सरूताई शाळेत फुलं आणि पक्षी शिकवत होत्या आणि मधल्या सुट्टीत मुली त्यांना फुलात काय राहतं ते विचारत होत्या. किडा लोक विसरले. आणि मग नागपूरहून छापील पुस्तिका आली. इंग्रजी होती म्हणून आमच्या ओट्यावर मीच वाचून दाखवली. किड्याचं चित्र होतं, तापीचं नाव होतं, शोधून काढणाऱ्या म्हणून सरस्वतीबाईंचे आभार होते. आणि जातीचं नाव होतं 'मनोरमी', म्हणजे मनोरमेची.

"मनोरमी?" अण्णा म्हणाले. "ही मनोरमा कोण?"

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की शोधकर्तीच्या ओळखीच्या, नदीची फार आवड असलेल्या एका मुलीवरून हे नाव ठेवलं आहे. पण तिथपर्यंत कोणी ऐकलंच नाही. अण्णांनी ठरवून टाकलं की ही प्रोफेसरची बायको असणार, नाहीतर मेहुणी. "शोध आमच्या बाईंचा आणि नाव यांच्या घरातलं? चालणार नाही!" दुसऱ्या पक्षाचे पुढारीही धावून आले. "ये तो सरासर अन्याय है!" जे दोघं प्रांतासाठी वर्षभर एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, ते आमच्या ओट्यावर मांडीला मांडी लावून बसले आणि निषेधाचा मजकूर मराठीतून आणि हिंदीतून तयार झाला. ज्या व्यापाऱ्यांच्या तोंडात टॉर्च पडत होता, त्यांनी पहिली सही केली. आता फक्त सरूताईंची सही हवी होती. ती आणायला मला आणि चंद्राला वर पाठवलं.

सरूताई खिडकीपाशी बरण्या पुसत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, हसल्या, परत दिला.

"अण्णांना म्हणावं, बसा आता घरी. कोणी फसवलेलं नाही. नाव मीच सांगितलं."

"पण ताई, ही मनोरमा कोण?" चंद्रानं विचारलं. "तुमची मैत्रीण होती का?"

सरूताईंनी फडकं घडी करून ठेवलं.

"मी," त्या म्हणाल्या. "माहेरची. खकनारकडे आमचं घर होतं, मागे नाला. मी दिवसभर पाण्यात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सरस्वती लिहिलं आणि मनोरमा पुसली. मग नवरा गेला. त्या घरानं डूल घेतले, पाटल्या घेतल्या, मला परत पाठवलं. नाव मात्र त्यांचं माझ्याकडेच राहिलं. शाळेतही तेच लागलं, पगाराला तेच. वडील होते तोवर मनू म्हणायचे. ते गेल्यावर म्हणणारं कोणी उरलं नाही. मग म्हटलं, स्वतःचं नाव द्यायचं नसतं ना? ठीक. होती एक ओळखीची मुलगी. आता त्या किड्याची पोरं, पोरांची पोरं, सगळी तेच नाव लावणार."

खालून अण्णांचा आवाज येत होता, "झाली का सही?"

चंद्रा त्या बरण्यांकडे पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बघत होती. ती खिडकीपर्यंत गेली, बरण्यांच्या अगदी जवळ.

"मनूताई," ती म्हणाली, "चहा टाकू का?"

सरूताई वळल्या नाहीत. त्यांनी पुसून झालेली बरणी पुन्हा हातात घेतली.

"काय म्हणालीस गं?" त्या म्हणाल्या. "नीट ऐकू नाही आलं."

चंद्रानं पुन्हा हाक मारली.