पांढऱ्या शर्टाची भिंत

छत पोपटी होतं, म्हणून नवरीही पोपटी आली.

अंकुशने कॅमेऱ्याचा पडदा पुसून पाहिला. प्रीती पोपटीच. नवरदेव धम्मानंदही पोपटी, फक्त त्याला मिशा. मावसबहिणीचं लग्न, आयुष्यातली पहिली ऑर्डर आणि परवाच आणलेला छोटा फ्लॅश. फोटो बिघडले तर उद्यापासून कळमन्याच्या बाजारात बापाच्या गाळ्यावर संत्री निवडत बसायचं, असं घरी ठरलं होतं.

व्हिडिओतल्या माणसाने बजावलं होतं, फ्लॅश तोंडावर मारू नका, छतावर मारा. उजेड मऊ होऊन खाली येतो. तो आला, पण छताचा रंगही घेऊन आला. तोंडावर मारून पाहिला, तर धम्मानंद चोरी करताना सापडल्यासारखा दिसला.

"काय करून राहिला बे? भाजी थंडी होऊन राहिली!" देवरावमामा ओरडले. हे नवरीचे मामा, म्हणजे अंकुशचेही. बौद्ध लग्नात अर्धा हॉल पांढऱ्या कपड्यांत असतोच, पण मामांचा शर्ट डोळ्यांत घुसत होता.

"मामा, इथं उभे राहा. हलू नका."

"फोटोत येतो ना मी?"

"नाही. तुम्ही भिंत आहात."

अंकुशने फ्लॅश मामांच्या छातीवर मारला. प्रीती उजळली; सकाळपासून पहिल्यांदाच माणसाच्या रंगात आली. तो फोटो सगळ्या हॉलने पाहिला आणि तिथंच घोळ झाला.

"नवरीकडचीच भिंत काहून गा?" धम्मानंदची आत्या सिंधूताई उठल्या. "आमच्याकडे पांढरं कोणी नाही काय?"

"आत्या, एक भिंत पुरते."

"मंग आमच्या पोरानं अंधारात राहाचं?"

मान राखायला सिंधूताईंना दुसऱ्या बाजूला उभं केलं. पांढऱ्या साडीला नीळ जास्त झालेली, त्यामुळे धम्मानंद निळसर आला. नवरीकडच्यांनी हे मोठ्याने बोलून दाखवलं. चिडून नवरदेवाकडच्यांनी आपली स्वच्छ माणसं पुढे केली. नवरीकडच्यांनी त्याहून स्वच्छ. जेवून आलेल्यांना वरणाच्या डागांवरून परत पाठवण्यात आलं, म्हणून उरलेल्यांनी जेवायलाच नकार दिला. पुढची पंगत कधी बसवायची, हे विचारायला आचारी आला. त्याचं बनियन बरं होतं. त्यालाही उभं केलं.

"ग्रुप फोटो! सगळे स्टेजवर या!" अंकुश ओरडला.

कोणी हललं नाही.

"स्टेजवर कोणीही जाते," मामा म्हणाले. "भिंतीत जागा भेटत नाही."

म्हणून त्या अल्बममध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त दोघंच आहेत. उजेड इतका सुंदर, की बघणाऱ्याला वाटावं, दोघांनी पळून जाऊन लग्न केलं.

आठवड्याने अंकुश मामांकडे गेला, तेव्हा मामा शर्टाला इस्त्री करत होते.

"ऑर्डर भेटली गा. सिंधूताईच्या नणंदेकडून. उमरेडले लग्न आहे."

"मले?" अंकुशचा आवाज चिरकला.

"मले. भिंतीची." मामांनी कॉलर उजेडात धरून पाहिली. "फोटो काढणारं कोणी ओळखीचं आहे काय, म्हणे. मी म्हटलं, पाहतो. आहे एक पोट्टं, शिकून राहिलं."