विश्वंभरपंत कासवाची टिकाऊ ग्रिल

एका जंगलात, मुलांनो, चुली बंद झाल्या.

झालं असं, की उन्हाळ्यात कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली, वणवा लागला आणि अर्धी टेकडी काळी पडली. मग सिंहमहाराजांनी हुकूम काढला. यापुढे जंगलात लाकूड पेटवायचं नाही. ज्याला काही भाजायचं असेल त्याने गॅसची ग्रिल घ्यावी आणि पाण्याजवळच्या मोकळ्या जागेत मांडावी.

हुकूम शहाणपणाचा होता. अडचण एवढीच, की नदीच्या अलीकडे पाण्याजवळची मोकळी जागा म्हणजे विश्वंभरपंतांचं परस.

विश्वंभरपंत हे कासव. तळ्याकाठी घर, मागे ऐसपैस परस. वय शंभरीच्या पुढे कुठेतरी. कुंपणापलीकडे दाजीबा साळिंदर आणि त्याची बायको गोदूबाई राहायची. दाजीबा मोठा हौशी. रताळी उकरून आणावीत, वांगी भाजावीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून बसवून घ्यावं, याहून दुसरं सुख त्याला ठाऊक नव्हतं. पंतही रोज त्याच्याकडे जेवायला जात. दुपारीच निघत, म्हणजे भरीत गरम असताना पोहोचत.

चुली बंद झाल्या तशी गोदूबाई कच्ची रताळी वाढू लागली. सगळे करकर चावायचे. चार दिवसांतच दाजीबा पंतांकडे आला. तरसाच्या दुकानात पत्र्याची एक छोटी ग्रिल आहे, ती मी आणतो, जागा तुमची, असं त्याचं म्हणणं होतं.

पंतांनी मान बाहेर काढली आणि पत्रा किती जाड आहे ते विचारलं. दाजीबाने काही तो पाहिला नव्हता.

"अरे दाजीबा, असला पत्रा दोन पावसाळ्यांत गंजून जातो," पंत म्हणाले.

"दोन पावसाळे म्हणजे पुष्कळ झाले की, पंत."

पंतांना त्याची कीव आली. वस्तू घ्यावी तर एकदाच, असं त्यांनी त्याला समजावलं. उदाहरण म्हणून स्वतःचं कवच दाखवलं. जन्मापासून हे एकच, कधी बदलावं लागलं का? दाजीबाच्या अंगावरचे काटे सारखे झडत आणि नवे येत. तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच बघून घ्या, असं म्हणून तो घरी गेला.

तुम्हाला कळतं, हे वाक्य पंतांना फार आवडलं.

ते कामाला लागले. गळ्यात लोहचुंबक बांधून तरसाच्या दुकानात गेले. तरस सगळ्यांशीच हसून बोलायचं, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. पंतांनी पहिल्या ग्रिलला चुंबक लावलं. ते चिकटलं. चुंबक चिकटतं म्हणजे हे गंजणारं, हलकं स्टील आहे, असं सांगून पंत घरी आले. पुढच्या हंगामात पुन्हा गेले. या खेपेला चुंबक चिकटलं नाही, पण जाळी बिडाची नव्हती. त्यानंतर जाळी बिडाची मिळाली, तर बर्नर पितळी नव्हता. एकदा सगळं जमलं, तेव्हा पंतांनी हत्तीला झाकणावर बसायची विनंती केली. हत्ती बसला. झाकणही बसलं. बरं झालं आधीच कळलं, असं पंत म्हणाले. तरस नेहमीसारखं हसलं, पण जरा उशिरा.

हमीचीही पंचाईत होती. तरसाने छाती पुढे काढून सांगितलं, की मालाची दहा वर्षांची हमी आहे.

"मग अकराव्या वर्षी मी काय करायचं?" पंतांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

संध्याकाळी परसात सगळे जमत. कच्ची रताळी चावत पंतांचं ऐकत. झाकणाची जाडी, बर्नरची भोकं, रबरी नळीचं वय, सगळं पंतांना तोंडपाठ झालं होतं. त्यांची कीर्ती पसरली. नदीपलीकडची रानडुकरं सल्ला घ्यायला आली, ऐकून गेली आणि दुसऱ्याच दिवशी हाताला लागेल ती ग्रिल घेऊन मोकळी झाली. वारा फिरला की भाजल्या कणसांचा वास इकडे यायचा. दाजीबा नाक वर करून डोळे मिटायचा. पंत म्हणायचे, वास ठीक आहे, पण त्यांची नळी टिकायची नाही.

असे हंगाम गेले. पंतांना ते जाणवले नाहीत. दाजीबा मात्र म्हातारा झाला. त्याचे काटे पातळ झाले, दात हलू लागले. तो कुंपणापर्यंतच येऊ लागला, मग तिथवरही येईना.

एक दिवस गोदूबाई आली.

"पंत, यांना आता कच्चं चावत नाही. भाजलेलं वांगं असेल तर दोन घास जातील म्हणतात. ती पत्र्याची मिळते अजून. मी आणू का?"

दाजीबावर त्यांचा जीव होता, यात खोटं काही नाही. म्हणूनच तर त्याला हलक्या ग्रिलवरचं वांगं खायला घालणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी गोदूबाईला सांगितलं, की नवं मॉडेल याच हंगामात यायचंय. इतकं थांबलो, आता थोडक्यासाठी भलती वस्तू कशाला घ्यायची. गोदूबाईने मान हलवली आणि ती गेली.

पंत त्याच घटकेला निघाले. जन्मात कधी चालले नव्हते इतके भरभर चालले. वाटेत खायला थांबले नाहीत. दुकानात नवं मॉडेल आलेलं होतं. चुंबक घसरून पडलं. जाळी बिडाची, बर्नर पितळी, झाकण असं जाड की हत्ती स्वतःच नको म्हणाला. पंतांनी एकही प्रश्न विचारला नाही. गव्याच्या पाठीवर ग्रिल लादली आणि परत निघाले. गवा पुढे, पंत मागे.

पोहोचले तेव्हा गोदूबाई कुंपणाजवळ पाचोळा गोळा करत होती. त्यात दाजीबाचे गळलेले काटे होते. तो जाऊन बरेच दिवस झाले होते.

तिने ग्रिलकडे पाहिलं.

"मनासारखी मिळाली का?"

"हो," पंत म्हणाले.

दाजीबा नसला तरी त्यांनी ग्रिल मांडली, पेटवली आणि सगळ्यांना बोलावलं. जुने दोघे-तिघेच उरले होते. बाकी सगळी नवी पिढी. त्यांचा जन्मच कच्च्यावर गेलेला. एकाने वांग्याचा घास घेतला आणि हळूच गवतात टाकला. पंत आजोबा, हे करपलंय, असं त्याने अदबीने सांगितलं. दुसरीने साधं, कच्चं काही मिळेल का ते विचारलं. थोड्या वेळाने सगळे आपापली रताळी घेऊन तळ्याकडे गेले.

गोदूबाई तेवढी बसून राहिली. तिने अर्धं वांगं खाल्लं आणि अर्धं पानात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने पान उघडलं आणि तेही खाल्लं.

पंतांनी जाळी पुसली. झाकण लावलं. ते अगदी नेमकं बसलं. वरून मेणकापड घातलं.

ग्रिल आजही त्या परसात आहे, मुलांनो. मेणकापड तीनदा बदललं. ग्रिलला गंजाचा एक ठिपकासुद्धा नाही.

तात्पर्य : ग्रिल घेताना घाई करू नये. जाळी बिडाची, बर्नर पितळी आणि झाकण जाड आहे ना, हे पाहूनच घ्यावी. शेजारी मात्र तोवर थांबतील असं धरून चालू नये. टिकाऊ बनावटीत ते येतच नाहीत.